वीस तेत्रींचं नाणं

तिबिलिसीत, ग्लदानीच्या त्या इमारतीत लिफ्ट फुकट चढत नाही.
भिंतीवरच्या पत्र्याच्या डबीत वीस तेत्रींचं नाणं टाकायचं,
मग ती खाकरते, जरा विचार करते,
आणि नवव्या मजल्याच्या चार बोटं खाली नेऊन सोडते.

लामाराबाईंनी दार उघडलं. एक चष्मा हातात, दुसरा कपाळावर.
"बद्री, आत्ताच परत गेला. तू बेल दाबायच्या जरासं आधी."
पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते,
आपण त्या गावचेच नाही असं तोंड करून.

पहिल्या खेपेला झाकण उघडलं.
पंख्यात करड्या मांजराचे एवढे केस
की दुसरं मांजर विणून झालं असतं.
झाडलं, फुंकलं, प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट
स्पिरिटनं पुसली, नवी लावली वाटाण्याएवढी.
दुपारभर चालवून पाहिला. तापमान बावन्न. हूं नाही की चूं नाही.
बस स्टॉपवर पोचतो तोच फोन:
ये रे माझ्या मागल्या.

दुसऱ्या खेपेला मेमरीच्या पट्ट्या,
खोडरबरानं घासून, जागा बदलून.
रात्रभर तपासणी लावून घरी गेलो. सकाळी उत्तर: एकही चूक नाही.
(रात्री. हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही.)

तिसऱ्यांदा माझ्या दुकानातला पॉवर सप्लाय, उसना.
तोही मेला. म्हणजे मेला नाही,
मेल्यासारखं करून उठला.

लामाराबाई सूतगिरणीत एकतीस वर्षं हिशेबनीस.
प्रत्येक मरण त्यांनी वहीत टिपलं होतं, जांभळ्या शाईनं:
आठ दहा. आठ चौदा. आठ वीस.
एक पस्तीस. मग संध्याकाळी सहा ते सात नुसती रांग.
रविवारी सकाळी काही नाही.
"आणि तुम्ही यावर करता काय?" मी विचारलं.
"लिफ्टचा हिशेब. डबी माझ्याकडे असते ना."

चौथ्या खेपेला मी काही उघडलं नाही.
अक्रोडाचा मुरंबा खात बसलो.
टेबलावरचा दिवा डोळा मिचकावतो न मिचकावतो तोच
पडदा काळा. भिंतीत दोरखंड कुरकुरले.
दार. आणि ओतियांचा गेगा, पिठाची गोणी खांद्यावर.

मी त्याला पाच नाणी दिली. खाली जा, वर ये. पुन्हा जा.
पोरगं खूश. पाच फेऱ्या, पाच मरणं.
कधीकाळी कुणीतरी या खोलीची वायर
गच्चीवरच्या मोटरच्या लाइनीलाच जोडून ठेवली होती.

म्हणजे दर खेपेला
मीच त्याला मारून दाराशी येत होतो,
वीस तेत्री भरून, हातात स्क्रूड्रायव्हर.
काखेत कळसा म्हणतात तो हा.

लामाराबाई हसल्या नाहीत. वही ओढली,
दोन्ही चष्मे लावले, एकावर एक.
मरणं मोजली, विसांनी गुणली, डबी ओतली.
तीन लारी चाळीस कमी.
"कुणीतरी दोरा बांधून नाणं परत ओढतंय,"
त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर
गिरणीतली ती जुनी हिशेबनीस उभी राहिली.
मी वायर वेगळी करून देतो म्हणालो, बॅटरी लावतो म्हणालो.
"पुढच्या महिन्यात. आधी चोर सापडू दे."

चोर कोण, ते मला त्यांनी सांगितलं नाही.
ओतियांच्या दारात मात्र आठवडाभर
चिखोलींच्या वाळणाऱ्या माळांवर एकही दोरा शिल्लक नव्हता.

पुढच्या महिन्यात बॅटरी घेऊन गेलो, अकरा किलो,
जिन्यानं. त्या दिवशी वर्षाची बेरीज होती.
सातव्या मजल्यावर टेकलो. गुडघे बोलत होते.
वरून बटणांचा आवाज येत होता,
एकेक आकडा, न थांबता.